जोडायची नाही, घडवायची!
सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं जहाज, विमान आणि मोटारीचं वेड

लग्नसराई सुरू झाली की नेवासा फाट्यावर एक गाडी हमखास दिसते. छप्पर नसलेली, झेंडूच्या माळांनी मढवलेली, मागच्या सीटवर नवरा-नवरी आणि पुढे दणदणता डीजे. कुणी तिला ओपन कार म्हणतं, कुणी व्हिंटेज. गँगमध्ये एखादा ऑटोमोबाइल डिप्लोमावाला असेल, तर तो लगेच सांगतो की हिला कन्व्हर्टिबल म्हणायचं. पण जरा जवळ जाऊन बघा. पुष्कळदा ती मूळची कन्व्हर्टिबल नसतेच. एखाद्या जुन्या सेडानचं छप्पर कापून, रंग मारून तिला वरातीसाठी उभं केलेलं असतं. आणि त्या रंगाखाली कधी कधी निघते जुनी फियाट किंवा पद्मिनी.

ही फियाट, ही पद्मिनी आपल्याकडे तयार झाली ती मुंबईतल्या कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. तो कारखाना काढणारा माणूस सोलापूरचा. कॉलेज अर्धवट सोडलेला, रेल्वेचा ठेकेदार म्हणून सुरुवात केलेला आणि पुढे जहाज, विमान, मोटार या तिन्ही गोष्टी भारतातच बनल्या पाहिजेत म्हणून आयुष्यभर झगडलेला. नाव वालचंद हिराचंद. सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळे हे नाव इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांच्या ओळखीचं असतं. त्यामागचा माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

डिग्री राहिली, ठेकेदारी सुरू झाली

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, गुजराती दिगंबर जैन, पण सोलापुरात पुरतं मुरलेलं. घरी कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय. मॅट्रिक सोलापुरात झाली. पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन अशी दोन नामांकित कॉलेजं झाली, पण बी. ए. काही पूर्ण झालं नाही. घरच्या अडचणींमुळे परत यावं लागलं आणि पेढीवर बसावं लागलं.

पेढीवर मन रमेना. व्याजबट्ट्याचा हिशेब करत बसण्यापेक्षा काहीतरी उभं करावं, अशी त्यांची वृत्ती. तेव्हा त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेला हा गृहस्थ. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंदांकडे भांडवल उभं करण्याची ताकद. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन को-फाउंडर, एकाकडे स्किल आणि दुसऱ्याकडे फंडिंग!

ठेकेदारीतून वालचंद एक गोष्ट शिकले. काम कितीही मोठं असलं तरी त्याचे तुकडे पाडता येतात, माणसं जमवता येतात आणि ते वेळेत संपवता येतं. पुढे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे त्यांच्या कंपनीने खणले. १९२६ मध्ये सुरू झालेली त्यांची बांधकाम कंपनी नंतर हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे आपली ‘एचसीसी’ म्हणून ओळखली गेली.

आधी पाणी

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारतातून माल बाहेर न्यायचा तर बोटी इंग्रजांच्या, भाडं इंग्रज ठरवणार आणि नफाही त्यांचाच. अशात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक बोट विकाऊ असल्याचं वालचंदांना कळलं. ‘लॉयल्टी’ तिचं नाव. युद्धात ती इस्पितळ-जहाज म्हणून वापरली गेली होती. नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांना सोबत घेऊन त्यांनी ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघाली. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो, तो याच सफरीची आठवण म्हणून.

सिनेमा असता तर इथे टाळ्या पडल्या असत्या. प्रत्यक्षात पुढचा काळ हालाचा गेला. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर इतके पाडले की नव्या कंपनीला तोटाच व्हावा. खिसा खोल असलेल्या कंपनीने स्वस्त दर देऊन नवख्याला संपवायचं, हा खेळ मोबाइल डेटाच्या जमान्यात सुरू झालेला नाही. लॉयल्टी स्वतः काही वर्षांतच भंगारात गेली. १९२३ मध्ये सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी करार करावा लागला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालणाऱ्या व्यापारापुरतं मर्यादित राहावं लागलं. पण कंपनी टिकली. १९२९ पासून वालचंद तिचे अध्यक्ष होते आणि पुढची वीसेक वर्षं त्यांनी हे पद सोडलं नाही.

यातून त्यांनी धडा घेतला तो पुढे फार उपयोगी पडला. बोट विकत घेतली म्हणजे आपण स्वतंत्र झालो असं नाही. बोट बांधताही आली पाहिजे. तोच विचार ते आता रस्त्यावरच्या वाहनांना लावू लागले.

खोक्यातून येणारी मोटार

त्या वेळी भारतात मोटारी नव्हत्या असं नाही. राजेरजवाड्यांकडे, वकील-डॉक्टरांकडे होत्या. सुरुवातीच्या कितीतरी गाड्या तर कापडी हूडच्याच असत, मागे दुमडला की गाडी मोकळी. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखानाही काढला. पण त्या कारखान्यात गाडी घडत नव्हती, नुसती जोडली जात होती. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, पत्रे असे सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने यायचे आणि इथले कामगार नटबोल्ट पिळून ते एकत्र करायचे. गाडी मुंबईत तयार झाली असं दिसायचं, पण तिच्यातली खरी विद्या परदेशातच राहायची.

वालचंदांना नेमकं हेच खुपत होतं. इंजिनाचं ओतकाम इथे झालं तर फाउंड्री उभ्या राहतील. गिअर इथे कापले तर मशीनवर हात बसलेले कारागीर तयार होतील. टायर, काच, बॅटरी, स्प्रिंग, रंग, प्रत्येक गोष्टीमागे एक छोटा कारखाना उभा राहील. एका मोटारीमागे शेकडो धंदे असतात.

याच विचाराचा आणखी एक माणूस त्यांना मिळाला, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ज्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, आपल्या कॉलेजात इंजिनीअर्स डे होतो, तेच हे. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे गाजलेले, म्हैसूरचे माजी दिवाण. त्यांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून भारतात मोटार बनवण्याची योजना आखली. मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं, त्यानेही मदतीची तयारी दाखवली. पण १९३९ च्या शेवटी ते मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं आणि सरकारी आधार गेला.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेत होते. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन बड्या कंपन्यांशी बोलणी जुळली नाहीत. भारतीय मालकीच्या कारखान्यात आपल्या गाड्या बनू द्यायला त्या राजी नव्हत्या. क्रायस्लर मात्र तयार झाली आणि १९४० मध्ये करार झाला. प्लिमथ, डॉज, डी सोटो ही सगळी क्रायस्लरचीच भावंडं.

मोटार शोधायला गेले, विमान सापडलं

आता यातला सगळ्यात भारी ट्विस्ट. अमेरिकेहून पॅसिफिकमार्गे परतताना विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन व्यावसायिकाशी पडली. चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवणारा हा माणूस. वालचंदांच्या डोक्यात लगेच चक्रं फिरू लागली. चीनमध्ये होतं, मग भारतात का नाही?

म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेलं पहिलं शिकाऊ विमान उडालं. पण युद्ध जवळ येत होतं. भारत सरकार आधी कंपनीत भागीदार झालं आणि १९४२ मध्ये त्यांनी वालचंदांचा हिस्साच विकत घेतला. आज तेजस विमानं बनवणारी ‘एचएएल’ ती हीच कंपनी.

जहाजबांधणीचंही जवळपास असंच झालं. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. तिथे बांधलेलं ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. पण गोदी चालवण्याचा खर्च कंपनीला पेलेना. १९५२ मध्ये सरकारने तिचा मोठा हिस्सा घेतला आणि ती हिंदुस्थान शिपयार्ड झाली.

म्हणजे दोन कारखाने उभे केले आणि दोन्ही हातातून गेले. मागे उरली मोटार.

आणि शेवटी कुर्ला

मोटारीच्या कारखान्याला यंत्रं हवी होती आणि ती अमेरिकेतून आणायची तर युद्धकाळात सरकारची परवानगी हवी. त्यासाठी हा उद्योग युद्धाला आवश्यक ठरवून घेणं गरजेचं होतं. दिल्लीच्या सरकारने ते मानलं नाही. यंत्रं, जहाजातली जागा आणि डॉलर आत्ता दुसरीकडे लागतात, असं कारण मिळालं. इंग्लंडच्या मोटार कंपन्यांना भारतात स्पर्धक नको म्हणूनच हे चाललंय, असा तेव्हाच्या भारतीय उद्योजकांचा संशय होता. कारण काहीही असो, करार खिशात असून वालचंदांची कित्येक वर्षं वाट पाहण्यात गेली. दरम्यान १९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स काढली. म्हणजे शर्यतीत दुसरी गाडीही उतरली.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहनं बाहेर पडू लागली. डॉज, डी सोटो, फार्गो ही नावं त्या काळच्या ट्रकांवर आणि मोटारींवर दिसायची.

गाड्यांची आवड असणाऱ्यांसाठी इथे एक गंमत. १९४० च्या दशकातली प्लिमथ अमेरिकेत एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या रूपांत मिळायची. चार दारांची सेडान, दोन दारांची कूपे आणि तिचीच कापडी टप दुमडणारी बहीण कन्व्हर्टिबल. हे सोपं होतं, कारण खाली पोलादी चासी स्वतंत्र असायची आणि वरची बॉडी तिच्यावर बसवली जायची. वरचा अंगरखा बदलला की गाडी बदलली. मग कुर्ल्यात कूपे आणि कन्व्हर्टिबलवर भर का नव्हता? कारण सरळ आहे. ज्या देशाला आधी धान्य वाहायला ट्रक आणि कुटुंब न्यायला गाडी हवी, तिथे दोन माणसांच्या हौशीच्या गाडीसाठी साचे आणि परकीय चलन कोण खर्च करणार? कारखान्याची ताकद ट्रक आणि चार दारांच्या गाड्यांतच लागली.

तिथेही सुरुवात खोक्यांपासूनच झाली. जोडणी आधी, घडवणं नंतर. एकेक सुटा भाग इथे बनवायला घ्यायचा आणि एकेक खोकं कमी करायचं, असं ते संथ काम होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनेही धोरण ठरवलं की जे इथे भाग बनवायला तयार नाहीत, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही भारतातली जोडणी बंद केली. पंचवीस वर्षांपूर्वी आलेले बडे खेळाडू बाहेर पडले आणि कुर्ला राहिलं.

वालचंदांना मात्र हे पाहता आलं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. लॉयल्टी निघाली त्याला तीनच दिवसांपूर्वी चौतीस वर्षं झाली होती.

ते गेल्यानंतरची गाडी

१९५४ मध्ये कुर्ल्यात फियाट ११०० आली. पुढून नाकाड पुढे आलेलं दिसायचं म्हणून मुंबईकरांनी तिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढची सीट बाकासारखी सलग. वर्षं गेली, रूप बदललं, नावं बदलली आणि १९७० च्या दशकात ती झाली प्रीमियर पद्मिनी. काळ्या-पिवळ्या रंगात तिने मुंबई वाहिली. २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. शेवटच्या नोंदणीच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून ही टॅक्सी निवृत्त झाली.

जाता जाता वरातीच्या गाडीबद्दल एक इशारा. फियाट ११०० पासूनच्या या गाड्यांना खाली वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी आणि त्या पेटीवरच सगळी मजबुती. छप्पर कापलं की पेटी ढिली पडते. कंपनी कन्व्हर्टिबल बनवते तेव्हा तळाला जादा पोलाद घालून ही भरपाई करते. गॅरेजमध्ये कटर फिरवून ते होत नाही आणि आरटीओच्या नियमातही बसत नाही. आपल्याकडे दोन दारांची, मोकळ्या टपाची गाडी बनवण्याचा प्रयत्न १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ने केला, पण ती थोड्याच लोकांपर्यंत पोचली.

दुसरी बाजूही बघू

वालचंदांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आणि मालेगावजवळचं रावळगाव इथे त्यांनी साखर कारखाने काढले, माळरानावर ऊस पिकवला, वसाहती वसवल्या. पण त्या काळच्या खासगी साखर कारखान्यांसाठी हजारो एकर जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. कमाल जमीन धारणा कायद्यानंतर अशा जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, त्यात वालचंदनगर आणि रावळगावही होतं. आपल्या नगर जिल्ह्यात श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव भागात खंडकरी शेतकरी हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पिढ्या त्या परत मिळवण्यात खर्ची पडल्या. मोठ्या स्वप्नाचा खर्च नेहमी स्वप्न पाहणाऱ्याच्याच खिशातून जातो असं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि तरीही हिशेब मांडला तर काय दिसतं? या माणसाचं पहिलं जहाज भंगारात गेलं. विमानाचा कारखाना दोन वर्षांत हातातून गेला. गोदी सरकारकडे गेली. जिच्यामुळे कुर्ला ओळखलं गेलं ती गाडी त्यांच्या मृत्यूनंतर आली आणि तिच्यावर त्यांचं नावही नव्हतं. पण बंगळुरूला विमानं बनतात, विशाखापट्टणमला जहाजं बांधली जातात आणि सुटे भाग बनवणारे हजारो कारखाने देशभर आहेत. मालकी गेली, काम राहिलं.

नेवाशात बसून हे सगळं लांबचं वाटत असेल, तर फाट्यावर उभं राहून दोन्हीकडे बघा. एकीकडे रस्ता नगरच्या एमआयडीसीकडे जातो, दुसरीकडे वाळूजकडे. आयटीआय किंवा डिप्लोमा संपला की तालुक्यातली कितीतरी पोरं-पोरी याच रस्त्याने कामाला जातात. कुणी गिअर कापतं, कुणी वेल्डिंगच्या लाइनवर असतं, कुणी क्वालिटीला. वालचंदांना हवी होती ती सुट्या भागांची साखळी म्हणजे हीच. फक्त आता खोकी बदललीत. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतले सेल आणि चिप्स अजून बऱ्याच अंशी बाहेरूनच येतात. म्हणून कॅम्पस इंटरव्ह्यूला पॅकेज जरूर विचारा, पण त्यासोबत एक प्रश्न आणखी विचारा. तुमच्याकडे ही वस्तू नुसती जोडतात की घडवतात? जिथे घडवतात तिथे शिकायला जास्त मिळतं.